खंजिरीवरचे राष्ट्र : तुकडोजी महाराज आणि वऱ्हाडातील गाव

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात जन्मलेले मूल नेमके कोणाचे प्रजाजन होते? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

वऱ्हाड प्रांत निजामाने १८५३ च्या तहान्वये फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारच्या हवाली केला. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला आणि पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. मालकी कागदोपत्री हैदराबादची, हुकूम नागपूरचा आणि निशाण लंडनचे, अशी ही तीन धन्यांची भूमी. १९३६ मध्ये तर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वऱ्हाडावर राज्य न करता वऱ्हाडाचा युवराज!

पुढे स्वातंत्र्याला आठवडा उरला असता, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, मराठी नेत्यांनी अकोल्यात करार केला : मराठी भाषिकांचा एकच प्रांत झाला, तर त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत. ते तसे घडले नाही. यावली आधी मध्य प्रदेशात राहिली, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेली आणि १९६० साली महाराष्ट्रात आली. गाव जागचे हलले नाही. त्याच्या डोक्यावरचा नकाशा तेवढा बदलत राहिला.

त्या यावलीतील माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा पुढे तुकडोजी महाराज झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव गुरूंनीच दिले आणि तीच त्यांच्या भजनांची नाममुद्रा झाली. त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणताना आज कोणी अडखळत नाही. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांची भजने ऐकून त्यांचा तसा गौरव केला, हे सर्वांना पाठ असते. मात्र ज्या प्रदेशाला स्वतःचा प्रांतही धड ठाऊक नव्हता, तेथील गायकाला ‘राष्ट्र’ हा शब्द कोठून सापडला, हे सहसा कोणी विचारीत नाही.

उत्तराचा एक धागा भाषेत आहे. तुकडोजींनी मराठीइतक्याच सहजपणे हिंदीत भजने रचली. ‘लहर की बरखा’ हा त्यांचा हिंदी भजनांचा संग्रह प्रसिद्ध आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला याचे नवल वाटते. वऱ्हाडात आणि नागपुराकडे ते वाटण्याचे कारण नाही. मध्य प्रांत व वऱ्हाड या राज्यात सावनेर ओलांडले की हिंदीचा मुलूख लागे आणि अमरावतीचा माणूस रायपूरच्या तुरुंगातही जाऊ शकत असे. तुकडोजी तसे गेलेही. सरहद्दीवरच्या माणसाला दोन भाषा शिकाव्या लागत नाहीत; त्या कानांवर पडतच असतात. त्यांचे राष्ट्र आधी कानांनी जुळले. राज्यशास्त्राच्या पुस्तकातून ते आलेले नव्हते.

दुसरा धागा त्यांच्या वाद्यात सापडतो. वीणेला बैठक लागते, पखवाजाला तालीम लागते. खंजिरीला दोन हात पुरतात. एका हातात धरावी, दुसऱ्याने वाजवावी. झांजा आपोआप वाजतात. ती विकत घेण्यासाठी गडगंज असावे लागत नाही आणि पोलीस आले तर कडोसरीला लावून निघूनही जाता येते. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेला जाताना त्यांनी हेच वाद्य बरोबर नेले.

१९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि पुढच्या वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला राहिले. येथपर्यंतची कथा कोणत्याही आश्रमीय चरित्राला शोभेल. ऑगस्ट १९४२ मध्ये मात्र ती वेगळ्या वाटेला लागते.

त्या वर्षी चातुर्मासानिमित्त महाराजांचा मुक्काम चिमूरला होता. साध्या झाडा-दगडांनाही शस्त्राचे बळ येईल आणि भक्तच सैन्य होतील, अशा आशयाचे त्यांचे भजन गावागावांत गायले जात होते. १६ ऑगस्ट, नागपंचमी. चिमूरमध्ये मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, जमाव उसळला, सरकारी अधिकारी मारले गेले आणि पाठोपाठ फौज आली. फौजेने गावातील स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टीही पेटली. यावलीच्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द लागला, तो बेचाळीसच्याच बलिदानामुळे. ऑगस्ट संपण्यापूर्वी तुकडोजींना अटक झाली. आधी नागपूर आणि मग रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले.

एका भजनाने उठाव होतो, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. चिमूरच्या मागे दुष्काळी शेती होती, सावकारी होती आणि मुंबईच्या ‘चले जाव’ ठरावाची ताजी बातमी होती. परंतु सरकारने खंजिरीला गंभीरपणे घेतले, हे विसरता येत नाही. आजचे भक्त तिला तितक्या गंभीरपणे घेतात का, ही शंका मात्र रास्त आहे.

याच संदर्भात एक दूरचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, लंडनमध्ये ‘द किंक्स’ या वाद्यवृंदाचा एक अल्बम प्रकाशित झाला : ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’. गीतकार-गायक रे डेव्हिस. साम्राज्य आवरत आलेले, कारखाने आणि उंच इमारती वाढलेल्या. अशा वेळी लंडनच्या उपनगरात वाढलेला हा तरुण गावच्या हिरवळीची, जुन्या दुकानांची, मुरंब्याच्या बरण्यांची आठवण काढतो आणि हे सारे जपण्यासाठी जणू एक मंडळच स्थापन करतो. त्यात माया आहे आणि स्वतःच्याच हळवेपणाची चेष्टाही आहे. तेव्हा तो फारसा खपला नाही. पुढे त्याची गणना त्या काळच्या उत्तम अल्बमांत होऊ लागली.

योगायोगाला अर्थ चिकटवण्याची घाई नको. पण दोन्हीकडे गाव आणि राष्ट्र एकाच गाण्यात आले आहेत, म्हणून फरक लख्ख दिसतो. डेव्हिस यांचे गाव हातून गेलेले आहे, त्यामुळे ते जपायचे आहे. तुकडोजींचे गाव समोर उभे आहे आणि त्यांना ते मुळीच पसंत नाही.

‘ग्रामगीता’ नीट वाचली तर ही नापसंती पानोपानी भेटते. ४१ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. त्यात ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, महिलोन्नती आहे. लग्नातल्या उधळपट्टीवर कोरडे आहेत. शिवाशिव, व्यसने, बुवाबाजी आणि गावातील तंटे यांचा हिशेब आहे. देश कसा आहे हे गावाकडे पाहून ओळखावे आणि गाव मोडले तर देशाचीही धडगत नाही, हा त्यातला मुख्य विचार. म्हणजे राष्ट्राच्या नावाने गावाची थोरवी गायची नाही. गावाच्या पायरीवर बसून राष्ट्राची परीक्षा घ्यायची. परीक्षक खाली बसलेला आहे आणि उत्तरपत्रिका दिल्लीची आहे.

त्यांच्या भजनांत गतकाळाचा गौरव मुळीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. प्राचीन भारताच्या वैभवाचा सूर त्यांच्याकडेही लागतो आणि स्त्रीच्या उन्नतीचा विचार पुष्कळदा घराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबतो. ते आपल्या काळाचेच अपत्य होते. तरीही त्यांच्या लेखनात हळहळीपेक्षा कामाची यादी मोठी आहे. झाडू, विहीर, तालीम, शाळा, प्रार्थना. सर्वांनी एकत्र बसून म्हणायची सामुदायिक प्रार्थना हाही त्या कामाचाच भाग होता, कारण एकाच पंगतीला न बसणारी माणसे त्या निमित्ताने एका सतरंजीवर येत.

त्यांच्या पश्चात या यादीचे आपण काय केले? ‘या झोपडीत माझ्या’ शाळेत पाठ करून घेतले. १९९३ साली टपाल तिकीट निघाले. नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. नेत्यांची भाषणे त्यांच्या ओवीने सुरू होऊ लागली. शहरात स्थिरावलेल्या वऱ्हाडी माणसाला झोपडीचे भजन ऐकून डोळ्यांत पाणी येते आणि ते खोटेही नसते. पण वन बीएचकेत बसून ऐकलेली झोपडी ही आठवण असते. झोपडीत बसून गायलेली झोपडी हा राजवाड्याला दिलेला जबाब होता. जबाबाची आठवण झाली की तो कोणालाच बोचत नाही. सत्तेवर कोणीही असो, त्याला हार घालणे सोयीचे जाते.

या सोयीची किंमत वऱ्हाडाने मोजली आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, कारण तेथील कापूस उत्पादक शेतकरी आत्महत्या करीत होते. त्या सहांत अमरावती होता, अकोला होता. गावावरून देशाची परीक्षा घ्या, असे सांगणाऱ्या ग्रंथाच्याच मुलुखात देशाला पॅकेज घेऊन यावे लागले. त्या वेळी ‘ग्रामगीता’ कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यात होती. देव्हाऱ्यातून ती चावडीवर फारशी आली नाही. पेरणीचा खर्च, कर्ज आणि बाजारभाव यांविषयी भजनी मंडळींनी बोलायचे असते, ही सवयच तोवर मोडलेली होती.

संपूर्ण मोडली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. अकोला जिल्ह्यातील अकोट परिसरातून पुढे आलेले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवीत कीर्तन करतात आणि त्यात हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांची नावे घेऊन हजेरी घेतात. लोक पोट धरून हसतात. हसताहसता कोणीतरी मान खाली घालतो. गाडगेबाबांच्या आणि तुकडोजींच्या श्रोत्यांतही असे मान खाली घालणारे असतच.

दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत मोठा जनसमुदाय जमतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे स्तब्ध होतात. दिंड्या जागच्या जागी थांबतात, लाखोंच्या गर्दीत कोणी बोलत नाही. नंतर पुन्हा खंजिऱ्या सुरू होतात आणि माणसे आपापल्या गावच्या गाड्यांकडे वळतात : कोणी तिवशाला, कोणी मूर्तिजापूरला, कोणी थेट तेल्हाऱ्याला.