गोदाम आधी कोरडे, पावडर नंतर

आमचा धंदा कापडाचा. पण ज्या कापसाचे कापड होते त्याच्याच सरकीची पेंड जनावरे खातात, म्हणून हा विषय आम्हाला परका नाही. दमट गोदामात तागा डागाळला तर गिऱ्हाईक तो परत आणते. पेंडीत किंवा मक्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन तयार झाले तर ते डोळ्यांना दिसत नाही. त्याचा अंश दुधात उतरतो आणि उकळूनही जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलच्या भुईमूग पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले, त्या तपासातून हे विष उजेडात आले.

आता त्यावर उपाय म्हणून जिवाणूंच्या पावडरी विकल्या जातात. कल्पना खोटी नाही. दही-दुधातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंच्या काही जाती हे विष अंगाला चिकटवून घेतात. फिनलंडच्या शास्त्रज्ञांना १९९८ साली प्रयोगशाळेत सुमारे ८० टक्के विष असे बांधलेले आढळले. मेलेले जिवाणूही हे काम करतात! मात्र ही पकड पक्की नसते, धुतल्यावर काही विष पुन्हा सुटते. जनावराचे पोट म्हणजे काचेची नळी नव्हे.

तेव्हा तबेलेवाल्या व पोल्ट्रीवाल्या भावांनी जिवाणूची जात कोणती, चाचणी जनावरांवर झाली का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पेंडवाल्यांना मात्र साफ सांगणे आहे : बुरसटलेला माल चांगल्यात मिसळून वर पावडर टाकणे ही भेसळच. दुधात या विषाची कायदेशीर मर्यादा किलोला अवघी अर्धा मायक्रोग्रॅम आहे, आणि ते दूध आपल्याच मोहल्ल्यातली मुले पितात. पावसाळ्याआधी पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर लावा. फळ्यांचा खर्च एकदाच होतो, पावडरीचा दर महिन्याला.