रंजना नावाच्या बायका

सत्तरच्या दशकात आमच्या नंदुरबारकडच्या शाळांत हजेरी घेताना एका रंजनावर भागत नसे. मग गुरुजी आडनावानं पुकारत.

या नावाला खरी झळाळी आणली ती पडद्यावरच्या रंजनानं. शांतारामबापूंचा ‘चानी’ १९७७ चा, पाठोपाठ ‘सुशीला’, मग १९८३ चा ‘गुपचुप गुपचुप’. तिचं आडनाव देशमुख, पण ते कुणी विचारलं नाही. नुसतं ‘रंजना’ म्हटलं की पुरे. १९८७ च्या मोटार अपघातानं तिच्या पायांतलं बळ गेलं आणि २००० साली ती स्वतः गेली.

दुसरी रंजना न्यायासनावरची. मतदानयंत्रावर ‘नोटा’चं बटण द्या, असं २०१३ मध्ये सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठात न्यायमूर्ती रंजना देसाई होत्या. २०२२ मध्ये त्या प्रेस कौन्सिलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

माझ्या लेखी मात्र रंजना म्हणजे आधी आमची रंजूताई, माझी आतेबहीण. लग्नाआधी सारंगखेड्याच्या यात्रेत तिनं हातावर नाव गोंदवून घेतलं होतं. शेवटचा काना जरा तिरकाच. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, नवं नाव लिहायला अंगठी पुढं केली. ताईनं बाही वर सारली. म्हणाली, ‘‘तांदळातलं लिहाल हो, पण हे कसं पुसाल?’’ सासरे खो खो हसले आणि रंजना रंजनाच राहिली.

पुढं तिचं आयुष्य नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्यात गेलं. आता रेशनच्या दुकानात यंत्र तिचा अंगठा घेत नाही. ‘‘मावशी, हात पुसून पुन्हा ठेवा,’’ दुकानदार सांगतो. ताई पदराला हात पुसते, पुन्हा ठेवते. हातावरचं नाव अजून ठसठशीत आहे. झिजल्यात त्या बोटांच्या रेषा.

आणि त्याच रेषांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या योजनेचा आरंभही आमच्याच जिल्ह्यात, एका रंजनापासूनच झाला! २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले. देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला रंजना सोनवणे यांना. बारा आकडे मिळाले, फोटो निघाले. पुढं पत्रकार पुन्हा टेंभलीत गेले, तेव्हा त्या मजुरीच करताना आढळल्या.

स्पर्धा परीक्षेची पोरं आज त्यांचं नाव पाठ करतात. देशातली पहिली आधारधारक कोण? एका गुणाचा प्रश्न. त्यांच्या हाताला वर्षभर काम का मिळत नाही, हा प्रश्न कुठल्या पेपरात विचारायचा, तेवढं कुणीतरी सांगा.