संकटापूर्वीची ओळख

अग्निशमन केंद्राचे लाल दरवाजे आपण जाता-येता पाहतो. आत मात्र सहसा कधी पाऊल पडत नाही. ही वास्तू एरवीही नागरिकांच्या उपयोगी पडावी, हा विचार जपानने प्रत्यक्षात आणला आहे. तोक्योमधील इकेबुकुरो अग्निशमन केंद्राच्या इमारतीतच नागरिकांसाठी आपत्ती-प्रशिक्षण केंद्र आहे. धुराने भरलेल्या खोल्यांतून वाट काढणे, भूकंपाच्या हादऱ्यात स्वतःला सावरणे आणि प्रथमोपचार करणे तेथे शिकता येते. जपानमध्ये रुग्णवाहिकाही अग्निशमन दलच चालवते. दोहोंसाठी ११९ हा एकच क्रमांक आहे.

वाचकहो, ‘धुरात वाकून चाला’ असे सांगणे सोपे आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी ते आधी करून पाहावे लागते. म्हणून अशा वास्तूत उतरता मार्ग, आधाराचे कठडे आणि बसण्यास बाके हवीत. नागरिकांचे प्रवेशद्वारही बंबांच्या वाटेपासून वेगळे हवे. अन्यथा सोयीचीच अडचण होईल.

आपल्याकडे अशी वास्तू उभी राहीपर्यंत मात्र थांबू नये. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात प्राणार्पण केलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने जवळच्या केंद्रात अवश्य जावे. अंथरुणाला खिळलेल्या आप्ताला धुरातून बाहेर कसे न्यावे, हे तेथील जवानांना विचारावे. घरी परतल्यावर १०१ हा क्रमांक दूरध्वनीजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.