घरचे आरोग्य : शस्त्रक्रियेपूर्वी रोजच्या गोळ्यांचे काय?

आजोबांच्या गुडघ्याची किंवा आजींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, की घरात तयारीला आरंभ होतो. पंचांग पाहून दिवस निवडला जातो, पैशांची व्यवस्था होते, रुग्णालयात सोबतीला कोण राहणार हे ठरते. या धांदलीत रोजच्या गोळ्यांची आठवण मात्र बहुधा आदल्या रात्री होते. मग घरातलेच कोणीतरी निर्णय देऊन टाकते : ‘उपाशी राहावयाचे आहे, सगळ्याच बंद!’ किंवा ‘गोळी कधी चुकवू नये, घ्या घोटभर पाण्याबरोबर!’ वाचकहो, ही दोन्ही उत्तरे सारखीच धोक्याची आहेत. कारण गोळ्यागोळ्यांत भेद आहे.

प्रथम रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पाहू. ॲस्पिरिनचा परिणाम रक्तातील प्लेटलेट कणांवर होतो व त्या कणाच्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस, टिकतो. आदल्या रात्री ती बंद करून काहीच साधत नाही. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन थांबवावयाच्या झाल्यास साधारणतः ५ दिवस आधी थांबवितात. परंतु ज्यांच्या हृदयात स्टेंट बसविलेला आहे, त्यांनी अशी गोळी आपल्या मनाने सोडली, तर स्टेंटमध्ये रक्त गोठून झटका येऊ शकतो. म्हणून येथे शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांचाही विचार घ्यावा लागतो. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेत तर या गोळ्या पुष्कळदा थांबवाव्याही लागत नाहीत.

मधुमेहाच्या औषधांचेही तसेच. मेटफॉर्मिन सामान्यतः त्या सकाळी घेत नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या मात्र ३ दिवस आधी थांबविण्याचा प्रघात आहे. नाहीतर उपवासात, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तातील आम्लता घातक प्रमाणात वाढू शकते. इन्शुलिनची मात्रा किती कमी करावयाची, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते अवश्य सांगावे. त्याने पोट सावकाश रिकामे होते, आणि भूल दिल्यावर पोटातील अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

उलटपक्षी काही औषधे खंडित होता कामा नयेत. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल या गोळ्या एकाएकी सोडल्यास नाडी व रक्तदाब उसळू शकतात. फिट्सची व थायरॉइडची गोळी सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर देतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे तसले द्रव्य पुरेसे निर्माण करीत नाही. ते औषध अचानक तोडल्यास शस्त्रक्रियेचा ताण पेलत नाही. मात्र रक्तदाबाच्या सर्वच गोळ्यांना एक नियम नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या पुष्कळदा एक दिवस आधी थांबवावयास सांगतात.

आणखी एक उदाहरण देण्याजोगे आहे. प्रोस्टेटसाठी घेतलेली टॅमसुलोसिन आणि डोळा यांचा काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु या गोळीने डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो, व मोतीबिंदू काढताना अडचण येते, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. गोळी पूर्वीच बंद केली असली, तरी हा परिणाम राहू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांना ते आधी ठाऊक हवे. अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल, काढे, चूर्णे ही ‘औषधे नव्हेतच’ असे समजून लपवू नयेत. गुंगी वा रक्तस्राव त्यांनीही वाढू शकतो.

आपल्या घरांची अडचण थोडी निराळी आहे. उपचार इंदूरला किंवा बडोद्याला चाललेले, आणि शस्त्रक्रिया मुलाकडे पुण्याला. कागद राहतात जुन्या कपाटात. चिठ्ठी इंग्रजीत, डॉक्टरांशी बोलणे हिंदीत वा गुजरातीत, आणि रुग्ण सांगतो मराठीत, ‘ती लहान पांढरी गोळी’. अशा वेळी महत्त्वाचे तेच निसटते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे एक कोरा कागद घ्यावा. पाकिटावर छापलेले औषधाचे नाव, मिलिग्रॅम, वेळ, कोणत्या विकारासाठी व केव्हापासून, हे सर्व त्यावर उतरवावे. कोणत्या औषधाची ॲलर्जी असल्यास तीही लिहावी. पाकिटांसह तो कागद शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्यापुढे ठेवावा आणि प्रत्येक औषधाबाबत विचारावे : थांबवावयाचे का? कोणत्या तारखेपासून? त्या सकाळी द्यावयाचे का? पुन्हा केव्हा सुरू करावयाचे? उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्यावीत. वर दिलेले दिवस हे केवळ सर्वसाधारण रीत म्हणून सांगितले आहेत. आपल्या रुग्णाचा निर्णय त्या कागदावरच झाला पाहिजे.

चौथा प्रश्न विशेष लक्षात ठेवावा. रुग्ण घरी येतो, नवीन गोळ्या सुरू होतात आणि थांबविलेली जुनी गोळी डब्यात तशीच राहते. घरी निघण्यापूर्वी हा कागद पुन्हा एकदा डॉक्टरांना दाखवावा व मगच रुग्णालयाची पायरी उतरावी.