निर्जीवातून सजीव : नास्तिकांची घाई आणि आपलीही

नास्तिक विचारांच्या व्याख्यानांत आणि पुस्तिकांत एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा भेटतो. निर्जीव रसायनांपासून जीव आपोआप तयार झाला हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, म्हणून निर्माणकर्त्याची गरज संपली. ऐकणाऱ्याला हे एकच विधान वाटते. वास्तविक ती दोन विधाने आहेत. पहिले रसायनशास्त्राचे आहे, दुसरे तत्त्वज्ञानाचे. पहिल्याचा पुरावा दाखवायचा आणि दुसऱ्याची वसुली करायची, या व्यवहाराला माझा आक्षेप आहे. पण या दाव्याला आपल्याकडे जे उत्तर दिले जाते, त्यावर माझा आक्षेप अधिक मोठा आहे, कारण त्याची किंमत आपली मुले मोजतात.

आधी पहिले विधान तपासू. १९२४ साली रशियात अलेक्झांडर ओपारिन यांनी आणि १९२९ साली इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच कल्पना मांडली. आरंभीच्या पृथ्वीवर मोकळा ऑक्सिजन नव्हता. सूर्याच्या आणि विजांच्या ऊर्जेने साध्या वायूंपासून कार्बनी संयुगे बनली, समुद्रात साठत गेली आणि त्या पातळ रश्शातून पुढे जीव घडला. १९५३ साली शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांचा तरुण विद्यार्थी स्टॅन्ली मिलर याने काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ घेऊन ठिणग्या पाडल्या. आठवडाभरात पाणी लालसर झाले आणि त्यात ग्लायसिन, अ‍ॅलानिन ही अमिनो आम्ले सापडली. प्रथिने ज्या विटांची बनतात, त्या या विटा.

विटा केवळ काचेतच बनतात असेही नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत कितीतरी अमिनो आम्ले मिळाली. बेनू नावाच्या लघुग्रहावरून २०२३ साली पृथ्वीवर आणलेल्या धुळीत, सजीवांची प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी १४ सापडल्याचे २०२५ साली जाहीर झाले. आरएनए हा रेणू माहितीही साठवतो आणि विकराचे कामही करतो, हे दाखवल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे प्रथिने आधी की डीएनए आधी, हा कोंबडी-अंड्याचा जुना पेच पुष्कळ सैल झाला. हे सारे खरे काम आहे. ते नाकारणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय.

पण विटा मिळाल्या म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही. मिलरने धरलेले वातावरण आरंभीच्या पृथ्वीवर खरोखर होते का, याबद्दल पुढे शंका निघाल्या. ते बहुधा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे होते, असे आज अनेक शास्त्रज्ञ मानतात. स्वतःचे पोषण करणारी आणि स्वतःसारखी दुसरी घडवणारी पेशी निव्वळ निर्जीव रसायनांपासून कोणत्याही प्रयोगशाळेत अद्याप बनलेली नाही. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने संपूर्ण जनुकसंच रासायनिक रीतीने तयार करून एका जिवाणूत घातला आणि तो चालला, तेव्हा माणसाने जीव निर्माण केला असा गाजावाजा झाला. मात्र तो जनुकसंच ज्या पेशीत घातला, ती आयती घेतलेली जिवंत पेशी होती. स्वयंपाकाचे पुस्तक नवे होते. चूल, भांडी आणि स्वयंपाकी जुनेच होते.

तेव्हा "विज्ञानाने सिद्ध केले" हे शब्द आज तरी वाजवीपेक्षा मोठे आहेत. उद्या ते खरेही ठरतील. एखाद्या प्रयोगशाळेत पेशी तयार होईल आणि विभागूही लागेल. तरी त्यातून दुसरे विधान निघते काय? याचे उत्तर एखाद्या मौलानांकडून न घेता हाल्डेन यांच्याकडूनच घेऊ. हे गृहस्थ उघड नास्तिक होते. पुढे १९५७ साली ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. जीवाच्या उगमावरील त्यांचा तो प्रसिद्ध लेख छापला गेला तोच मुळी 'रॅशनॅलिस्ट अ‍ॅन्युअल' या बुद्धिवाद्यांच्या वार्षिकात. त्यात त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. प्रयोगशाळेत सजीव बनेपर्यंत आपली मांडणी तर्काच्याच पातळीवर राहील, ही पहिली. आणि ही मांडणी जडवादाशी जुळते तशीच इतर तत्त्वज्ञानांशीही जुळू शकते, ही दुसरी. म्हणजे जो निष्कर्ष गुरूने काढला नाही, तो शिष्य त्याच्या नावावर खपवत आहेत.

नास्तिकांच्या युक्तिवादातली गंमत पुढेच आहे. फ्रान्सचे नोबेल विजेते जाक मोनो यांनी १९७० साली लिहिले की जीव हा अत्यंत दुर्मिळ अपघात आहे, म्हणून विश्वाला हेतू नाही. बेल्जियमचे नोबेल विजेते क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी १९९५ साली नेमके उलटे मांडले : योग्य परिस्थिती असेल तर रसायनशास्त्राच्या नियमांनीच जीव अटळपणे घडतो. आता नास्तिक वक्ता दोन्ही टोके वापरतो. जीव अपघाताने झाला, म्हणून ईश्वर नाही. जीव नियमाने झाला, म्हणूनही ईश्वर नाही. विरुद्ध पुराव्यांतून जर एकच निकाल लागत असेल, तर तो निकाल पुराव्यातून आलेला नसतो. तो आधीच ठरलेला असतो. नास्तिक असण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी त्यांच्याकडे दुसरी कारणेही असतील. फक्त मिलरच्या काचपात्राला साक्षीला ओढू नये.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या तकरिरींत यावर दोन ठरलेली उत्तरे असतात. पहिले, लुई पाश्चर यांचे. पाश्चर यांनी १८६०च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या नळीच्या चंबूत उकळलेला रस्सा ठेवून दाखवले की बाहेरून जंतू आल्याशिवाय त्यात जंतू होत नाहीत. म्हणून निर्जीवातून सजीव कधीच होत नाही, असे आपले वक्ते सांगतात. पाश्चर यांनी तपासला तो आजच्या हवेतला रस्सा. साडेतीन अब्ज वर्षांहून आधीच्या समुद्राबद्दल तो प्रयोग काहीच बोलत नाही. दुसरे उत्तर फ्रेड हॉइल यांचे : भंगाराच्या ढिगावरून वादळ गेले आणि बोइंग ७४७ जोडून तयार झाले, असे होईल का? आपले जयंत नारळीकर ज्यांचे विद्यार्थी, तेच हे हॉइल. जीव अंतराळातून आला या आपल्या मताच्या बाजूने ते बोलत होते. आपल्या वक्त्यांचा हेतू त्यांचा नव्हता. शिवाय पहिली पेशी एका झटक्यात जुळली असे या विषयात काम करणारे म्हणतच नाहीत. ते लहान लहान टप्प्यांबद्दल बोलतात.

या उत्तरांचा खरा दोष तर इमानाच्या बाजूने आहे. विज्ञानाला जे अजून उमगलेले नाही तिथे अल्लाहला बसवायचे, म्हणजे प्रत्येक नव्या शोधाबरोबर त्याची जागा कमी होणार. ज्याची सत्ता साऱ्या कायनातवर आहे असे आपण मानतो, त्याला अज्ञानाच्या फटीत कोंबणे हा कुठला अदब? कुरआन सजीवांची उत्पत्ती पाण्यापासून आणि माणसाची मातीपासून सांगतो. पाणी आणि माती निर्जीवच आहेत. मग निर्जीवातून सजीव हे शब्द ऐकून आपण का दचकावे?

आपले पूर्वज दचकत नव्हते. बाराव्या शतकात अंदलुसियाच्या इब्ने तुफैल यांनी 'हय्य इब्ने यक्जान' लिहिले. त्यात नायकाच्या जन्माच्या दोन हकिकती आहेत. त्यांपैकी एकीत, बेटावरच्या आंबलेल्या मातीतून, आई-बापाशिवाय, ऊब आणि ओलाव्याच्या योग्य मेळातून हय्य जन्माला येतो. ते आजचे रसायनशास्त्र नव्हे, हे उघड आहे. परंतु तोच हय्य पुढे निरीक्षण करत, विचार करत निर्माणकर्त्यापर्यंत पोहोचतो. नैसर्गिक प्रक्रिया आणि खालिक यांत निवड करावी लागते, असे त्या लेखकाला वाटलेच नाही.

ही निवड आज आपण दहावीच्या मुलीपुढे ठेवतो. एका बाजूने तिला सांगितले जाते की हा धडा पटला तर इमान सोड. दुसऱ्या बाजूने सांगितले जाते की इमान हवे तर हा धडा परीक्षेपुरता पाठ कर आणि विसर. ती दुसरे करते. मार्क मिळतात, प्रश्न विचारण्याची सवय मात्र मरते. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती आणि जीवाच्या उगमाचा भाग काढला, तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. आपल्या वस्त्यांत कुणी काढण्याची गरजच पडत नाही; शिक्षक पाने उलटून पुढे जातात. त्याच मुलीला उद्या डॉक्टर करायचे असते, औषधनिर्माणशास्त्राला घालायचे असते. ज्या रसायनांच्या ओळखीवर ते शिक्षण उभे आहे, त्यांच्याशी तिची पहिली भेट आपण संशयाची करून ठेवतो.

उर्दू माध्यमातल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना म्हणून सांगणे आहे की हा धडा पूर्ण शिकवा. मिलरने काय केले ते सांगा, काय झाले नाही तेही सांगा. कुणी विचारले की यात अल्लाह कुठे आहे, तर सांगा की हा प्रश्न मोठा आहे आणि तो काचपात्राच्या आत मावत नाही. ज्यांनी त्याला पात्रात शोधून 'नाही' म्हटले आणि ज्यांनी पात्र रिकामे राहावे अशी दुआ केली, त्या दोघांनीही त्याला फार लहान समजले.