तापाची चार घराणी

आषाढ लागला की आपल्या हैदराबादेत दोन गोष्टी हमखास सुरू होतात, बोनालूची गडबड आणि घरोघरी ताप. या दोन्हींचे नाते जुने आहे. 1813 साली इथे पटकीची मोठी साथ आली. तेव्हा उज्जैनला असलेल्या सिकंदराबादच्या पलटणीतल्या लोकांनी महाकालीला नवस बोलला आणि पुढे इथे देवीची स्थापना केली, असे सांगतात. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो, हे त्या काळी कुणाला माहीत असणार?

आज आपल्याला माहीत आहे. तरी बोलताना आपण सगळ्यांना एकच नाव देतो, ‘इन्फेक्शन’. माझी नोकरीची वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेली, म्हणून सांगतो. यांची घराणी निदान चार: जीवाणू, विषाणू, बुरशी आणि एकपेशीय परजीवी. एका घराण्याचे औषध सहसा दुसऱ्याला लागू पडत नाही.

परजीवीची गोष्ट तर आपल्या गावचीच. बेगमपेठेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरची जुनी इमारत आहे, अनेकांनी ती बाहेरून पाहिली असेल. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू द्यायचे, डासामागे एक आणा द्यायचा आणि मग ते डास फाडून बघायचे, असा रॉसचा उद्योग. 20 ऑगस्ट 1897 रोजी, भर उकाड्यात, त्याला एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळसर कण असलेल्या पेशी दिसल्या. हिवतापाचा परजीवी डासात वाढतो, हे त्यातून उलगडले. 1902 मध्ये त्याला नोबेल मिळाले. नल्लकुंट्याच्या सरकारी फीवर हॉस्पिटललाही त्याचेच नाव आहे. जुने हैदराबादी मात्र त्याला अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटाइनचे झाले कोरंटी!

डेंग्यूही डासामुळेच, पण डास वेगळा आणि घराणेही वेगळे. तो विषाणू. त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ताप उतरवायला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टरांची नजर. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बुरशीला आपण नायट्यापुरते ओळखत होतो. 2021 च्या उन्हाळ्यात कोठीच्या ईएनटी हॉस्पिटलात काळ्या बुरशीचे रुग्ण भरले आणि ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर फिरले, तेव्हा तिची खरी ओळख पटली. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड, दोन्ही तिच्या पथ्यावर पडले होते.

राहिले जीवाणू. यात टायफॉइड, क्षय, पटकी आहेत, तसेच आपले दही विरजणारे आणि इडलीचे पीठ फुगवणारेही आहेत. आपल्या आतड्यात तर त्यांची वस्तीच असते, आणि ती असावी लागते. अँटिबायोटिक मारते ते यांना, वाईटांबरोबर चांगल्यांनाही. म्हणून गोळ्या सुरू झाल्या की काहींना जुलाब होतात.

परवा कुकटपल्लीहून एका वहिनींचा फोन आला. “काका, धाकट्याला कालपासून ताप आहे. यांच्या खोकल्याच्या वेळच्या ॲझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या उरल्यात, देऊ का?” मी म्हटले, नको. ताप कुठल्या घराण्याचा हेच ठाऊक नाही, मात्रा मोठ्या माणसाची, आणि दोन गोळ्यांनी कुठलाच कोर्स पुरा होत नाही. विषाणू असेल तर गोळी वाया जाते. टायफॉइड असेल तर जंतू अर्धवट दबतो आणि रक्ताच्या कल्चरमध्ये सापडेनासा होतो.

यात आपल्या शहराची एक खास अडचण आहे. 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी पटानचेरूजवळच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. तिथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी येत होते. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत निघाले, म्हणजे ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही जास्त! अशा पाण्यात जे जीवाणू तगतात, ते औषधाला दाद न देणारेच. कारखान्यांचे सांडपाणी आपल्या हातात नाही. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या आहेत.

तेव्हा तापासाठी घरात एवढे पाळा. पावसाळ्यातला ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा; तान्हे मूल, गरोदर बाई किंवा मधुमेही असेल तर तेवढेही थांबू नका. डेंग्यूची एनएस-1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची असते. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी रक्त कल्चरला द्या. नुसत्या विडाल चाचणीवर फार विसंबू नका. हिवतापासाठी काचपट्टीची तपासणी आजही उत्तम, आणि ती साध्या सरकारी दवाखान्यातही होते.

टायफॉइडची नवी लस आपल्याच शहरात बनते. ती कुणी आणि कधी घ्यावी, याबद्दल पुढच्या अंकात.