बाबा नव्हे, बागुलबुवाही नव्हे!

‘जॉन विक’ पाहिलाय ना? नसेल पाहिला, तरी त्याचे रील्स तुमच्या फोनवर येऊन गेलेच असतील. काळा सूट, हातात पिस्तूल आणि त्याचं नाव ऐकून घाम फुटलेले गुंड. त्या गुंडांनी त्याला ठेवलेलं नाव ‘बाबा यागा’. २०१४ मध्ये आलेल्या या सिनेमाने आपल्याला सांगितलं की बाबा यागा म्हणजे बागुलबुवा. आपण ते ऐकलं आणि लगेच वापरायलाही घेतलं. शेवटच्या बॉलवर सिक्स मारणारा मित्र बाबा यागा, व्हायवामध्ये सगळ्यांना झोपवणारे एक्स्टर्नलही बाबा यागा!

यात घोळ एवढाच आहे की बाबा यागा हा पुरुषच नाही. ती म्हातारी आहे. रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाप नव्हे, बाई. ‘बाबुश्का’ म्हणजे आजी, हा शब्द त्यातूनच आलेला. म्हणजे इतकी वर्षं आपण किआनू रीव्ह्जला टाळ्या वाजवत ‘आजीबाई’ म्हणतोय.

हसून सोडून देता येईल असाच हा घोळ आहे. पण मला खटकतं ते पुढचं. ‘अरे, ती म्हातारी आहे’ असं कळल्यावर आपला दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग चेटकीण का?’ जंगलात एकटी राहणारी, कुरूप, वयस्कर बाई दिसली की आपल्या डोक्यात दुसरा शब्दच येत नाही. माझं म्हणणं असं की बाबा यागाला चेटकीण म्हणणं हे तिला बागुलबुवा म्हणण्याइतकंच चुकीचं आहे, आणि त्याहून जास्त महागात पडणारं आहे. कसं, ते सांगते. पण आधी तिची गोष्ट ऐका.

अलेक्सांद्र अफानास्येव या अभ्यासकाने १८५५ ते १८६३ या काळात जवळपास सहाशे रशियन लोककथा छापल्या. त्यातली एक वासिलिसाची. आई मरताना तिला एक छोटी बाहुली देते. सांगते, हिला खाऊ घाल आणि अडचण हिलाच सांग. मग सावत्र आई येते, सावत्र बहिणी येतात. एके रात्री घरातला दिवा विझतो आणि वासिलिसाला विस्तव आणायला पाठवलं जातं, थेट बाबा यागाकडे. परत येऊ नये म्हणूनच.

जंगलात तिला पहाटे पांढरा घोडेस्वार दिसतो, सूर्योदयाला लाल आणि अंधार पडताना काळा. मग दिसतं ते घर. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी, भोवती हाडांचं कुंपण, कुंपणावर कवट्या आणि त्यांचे जळते डोळे. उखळात बसून, मुसळाने ते हाकत आणि झाडूने मागच्या खुणा पुसत बाबा यागा येते. विस्तव हवाय? मग काम कर. अंगण झाड, झोपडी साफ कर, स्वयंपाक कर, कपडे धू, धान्य निवड. दुसऱ्या दिवशी खसखशीतून मातीचा कण न् कण वेगळा कर. जमलं नाही तर तुला खाईन!

बाहुलीच्या मदतीने वासिलिसा सगळं पार पाडते. मग म्हातारी म्हणते, विचार काय विचारायचं ते. वासिलिसा त्या तीन स्वारांबद्दल विचारते. उत्तर मिळतं, पांढरा माझा दिवस, लाल माझा सूर्य, काळा माझी रात्र. घरात मात्र तिने आणखी एक विचित्र गोष्ट पाहिलेली असते. नुसते हात, हातांच्या तीन जोड्या, धड नसलेले, काम करणारे. त्याबद्दल ती विचारत नाही. म्हातारी खूश होते. बाहेरचं विचारलंस, आतलं विचारलं नाहीस, बरं केलंस. मग काम कसं जमलं ते विचारते. आईच्या आशीर्वादाने, असं उत्तर येताच ती वासिलिसाला दाराबाहेर काढते, पण रिकाम्या हाताने नाही. जळत्या डोळ्यांची एक कवटी देऊन. त्या कवटीची नजर घरी सावत्र आईला आणि बहिणींना सोडत नाही. सकाळपर्यंत त्यांची राख होते.

आता मला सांगा, या गोष्टीत व्हिलन कोण? दिवस, सूर्य आणि रात्र जिच्या अंगणातून ये-जा करतात ती बाई? की अंधारात पोरीला मरायला पाठवणारं घर?

बाबा यागा साधीसुधी प्रेमळ आजी आहे, असं मी अजिबात म्हणत नाहीये. दुसऱ्या एका कथेत तिचे हंस एका लहानग्याला उचलून नेतात आणि त्याच्या बहिणीला त्याला सोडवून आणावं लागतं. पण ‘बेडूक राजकन्या’च्या कथेत हीच बाबा यागा नायकाला त्याच्या शत्रूचं मरण कुठे लपवलंय ते सांगते. काही कथांत तर नायक तिच्या दारात उभा राहून तिलाच सुनावतो, आधी जेवू घाल, न्हाऊ घाल, चौकशा नंतर कर. आणि ती ते मुकाट्याने ऐकते! व्लादिमिर प्रॉप या अभ्यासकाने १९४६ च्या आपल्या पुस्तकात तिची जागा नेमकी सांगितली. तिची झोपडी जिवंत माणसांचं जग आणि मृतांचं जग यांच्या सीमेवर आहे, आणि ती त्या सीमेची राखण करते. जो येईल त्याची परीक्षा घेणार. पास झालात तर हवं ते देणार, नाही तर संपलात.

आपल्याला अशी पात्रं झेपत नाहीत. माणूस भेटल्या भेटल्या ग्रीन फ्लॅग की रेड फ्लॅग ते ठरवायचं असतं. स्लाव्ह लोककथा मात्र अशा ‘मधल्या’ लोकांनीच भरलेल्या आहेत. जंगलाचा धनी लेशी वाटसरूला चकवतो, पण कपडे उलटे घातले की वाट सापडते. घरातला दोमोवोय चुलीमागे राहतो. मान राखला तर घर सांभाळतो, नाही तर रात्रभर आदळआपट. घर बदलताना त्याला रीतसर ‘चला आमच्याबरोबर’ म्हणून आमंत्रण देतात. पाण्यातली रुसाल्का बुडवते खरी, पण ती कोण असते? अकाली, बहुतेकदा बुडून गेलेली तरुण मुलगी. भीतीच्या मागे कुणाचं तरी दुःख उभं असतं.

इथे अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. हे सगळं सरसकट ‘रशियन’ म्हणून खपवू नका. ‘द विचर’चा गेम खेळताना जो लेशेन तुमच्या अंगावर येतो, तो आंद्झेय साप्कोव्स्की या पोलिश लेखकाच्या जगातला. जंगलकन्या मावका युक्रेनची. लेस्या उक्राइन्का या कवयित्रीने १९११ मध्ये तिच्यावर नाटक लिहिलं आणि युद्ध चालू असताना, २०२३ मध्ये, त्यावरची अॅनिमेशन फिल्म आली. ज्यांच्या देशाचं वेगळेपणच नाकारलं जातंय, त्यांच्यासाठी ‘ही गोष्ट आमची आहे’ हे वाक्य साधं नसतं. गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणं, एवढं तर आपण करूच शकतो.

आणि गोष्टी आपल्यापासून वाटतात तितक्या लांबही नाहीत. अमर कोश्चेयचं मरण सुईत असतं. सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी समुद्रातल्या बुयान बेटावर, ओकच्या झाडाखाली. ऐकल्यासारखं वाटतंय ना? राक्षसाचा जीव पोपटात! मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रेअर हिने आपली आया अॅना लिबराता डिसूझा हिच्याकडून दख्खनच्या गोष्टी ऐकल्या आणि १८६८ मध्ये पुस्तक काढलं. त्यातल्या एका कथेत जादूगाराचा जीव असाच पोपटात आहे. लोककथांचे अभ्यासक या दोन्ही गोष्टी एकाच प्रकारात मोजतात. अॅनाला या गोष्टी तिच्या आजीने सांगितल्या होत्या. म्हणजे इकडे काय आणि तिकडे काय, गोष्ट जपणारी म्हातारीच.

आता त्या ‘चेटकीण’ शब्दाकडे येते. रशियनमध्ये चेटकिणीसाठी ‘वेद्मा’ असा वेगळा शब्द आहे, आणि तोही मुळात ‘जाणणारी’ या अर्थाचा. आपल्या ‘वेद’, ‘विद्या’ यांच्याच नात्यातला. जाणणारी बाई हळूहळू भीतीची बाई कशी होते, हे त्या एका शब्दात दिसतं. आपल्याकडे तर ते शब्दापुरतं राहिलेलंच नाही. सातपुड्यातल्या गावांमध्ये बायकांना ‘डाकीण’ ठरवून मारहाण झालीय, गावाबाहेर काढलं गेलंय. अनेकदा ती बाई एकटी असते, वयस्कर असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणावर करणी केल्याचा आरोप करून छळ करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

‘एका परीकथेतल्या शब्दावरून एवढं काय?’ असं तुम्ही म्हणाल. मान्य, गोष्ट वाचून कुणी दगड उचलत नाही. पण शब्द आधीपासून हाताशी असला की बोट दाखवणं सोपं जातं. सोसायटीत कुणात न मिसळणारी, मुलांवर ओरडणारी, मांजरं पाळणारी एखादी आजी असतेच. तिला आपण काय नाव ठेवलं होतं, आठवा बरं. आमच्या बिल्डिंगमध्येही एक होत्या. आम्ही त्यांना ‘चेटकीण’च म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला त्या गेल्यावर, नोटीस बोर्डावर वाचून कळलं.

म्हणून एक सुचवते. एकेकाळी मॉस्कोच्या ‘रादुगा’ आणि ‘प्रगती’ प्रकाशनांची सुंदर मराठी पुस्तकं आपल्याकडे अगदी स्वस्तात मिळायची. आईबाबांच्या किंवा मामाच्या जुन्या कपाटात एखादं सापडेलही. नाहीच सापडलं, तर इवान बिलिबिन यांनी काढलेली वासिलिसाची चित्रं नेटवर बघा. हातात कवटीचा दिवा घेऊन अंधारातून घराकडे निघालेली ती मुलगी बघा. तो दिवा तिला कुणी दिला, ते विसरू नका. आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी आपली म्हातारीही जंगलातून एकटीच येते, हेही आठवा. तिला कधी कुणी चेटकीण म्हटलं नाही. आपण तिला हुशार म्हणतो.

यागाच्या म्हातारीलाही तेवढा मान द्यायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी जॉन विकला खुशाल ‘बाबा यागा’ म्हणा. फक्त लक्षात असू द्या, ती एका आजीला दिलेली दाद आहे.